गच्चीवरचा हीट पंप: जळालेला कॉम्प्रेसर, त्याचं मूळ कारण आणि वर्षभराची निगा (प्रकल्प नोंदी)

यंत्र: हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारा स्प्लिट हीट पंप. क्षमता ३.५ किलोवॉट, वीज साधारण १.०५ किलोवॉट, सिंगल फेज, फिक्स्ड स्पीड रोटरी कॉम्प्रेसर. गॅस आर-१३४ए, नेमप्लेटवर चार्ज (भरायचा गॅस) १.२० किलो. पाण्याकडे नळीत नळी बसवलेला हीट एक्स्चेंजर, फिरता पंप आणि ३०० लिटरची ग्लासलाइन्ड (आतून काचेचा लेप असलेली) टाकी. टाकीत २ किलोवॉटचा बॅकअप हीटर.
जागा: वाघोली, पुणे. दुमजली बंगला, पाणी बोअरचं, वर दाबपंप.

१६ डिसेंबर २०२४

तक्रार अशी: पहाटे मशीन सुरू होताच गच्चीवरच्या डीबीतला (वीज वितरण पेटीतला) आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, पडतो, वर केला की लगेच पुन्हा पडतो. विचारल्यावर घरच्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दिवाळीपासून मशीन पाच-दहा मिनिटं चालायचं, बंद पडायचं, परत सुरू व्हायचं आणि पाणी कोमटच राहायचं. या कामात पहिल्या तक्रारीपेक्षा ही दुसरी महत्त्वाची. आरसीसीबी पडणं हा शेवट आहे, बिघाड दिवाळीच्या आसपासच सुरू झालेला. कंट्रोलरच्या इतिहासात उच्च दाबाच्या ट्रिपची रांगच आहे.

मेन बंद करून डीबीला कुलूप लावलं. कॅपॅसिटर २० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून रिकामा केला. पक्कड आडवी लावून ठिणगी पाडायची सवय अजून बरीच दिसते. त्याने कॅपॅसिटर आतून दुखावतो आणि नंतरच्या मोजमापावर विश्वास ठेवता येत नाही.

कॉम्प्रेसरच्या तिन्ही वायरी (कॉमन, रन, स्टार्ट) टर्मिनलवरून सोडवूनच ओहम मोजले. जोडलेल्या ठेवल्या तर मीटर पंख्याची मोटर आणि इतर सर्किटही मोजतो. डेटाशीटप्रमाणे कॉमन ते रन २.३, कॉमन ते स्टार्ट ३.४ आणि रन ते स्टार्ट या दोन्हींची बेरीज ५.७ ओहम हवेत. मिळाले १.१, ३.३ आणि ४.३. बेरीज जवळपास जुळत असली तरी रन वाइंडिंगचे वेढे आपसात शॉर्ट झालेत हे उघड आहे. कॉमन ते बॉडी साध्या मल्टिमीटरवर ४ किलोओहम. इथे निकाल लागला, मेगरची (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरची) गरजच नाही. मल्टिमीटरवर काही दिसत नसेल तेव्हाच ५०० व्होल्टचा मेगर लावावा. २ मेगाओहमच्या खाली आलं तर संशय घ्यावा. सिस्टिम व्हॅक्यूमखाली असताना मात्र मेगर कधीच लावू नये, विरळ वायूत टर्मिनलवर आर्क होऊन चांगला कॉम्प्रेसरही जातो.

रन कॅपॅसिटरवर ३५ मायक्रोफॅरड छापलंय, भरतो २४. कॉन्टॅक्टरचे पॉइंट काळे, खड्डे पडलेले, मध्ये मेलेल्या मुंग्यांचा थर.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगायचंय: फक्त कॅपॅसिटर गेला तरी कॉम्प्रेसर नुसता गुणगुणतो, पाच-दहा सेकंदांत ओव्हरलोडवर जातो, आणि "कॉम्प्रेसर गेला" असं सांगून मोठा खर्च काढला जातो. ओहमचे तीन आकडे आणि बॉडीचा एक, हे चार आकडे कागदावर मागितल्याशिवाय कॉम्प्रेसर बदलायला हो म्हणू नका. इथे तो खरंच जळालाय.

आणि जळालेल्या कॉम्प्रेसरचं टर्मिनल झाकण उघडं ठेवून मेन पुन्हा पुन्हा वर करू नका. आत दाब असतो. टर्मिनलची काच फुटली तर तापलेलं तेल आणि गॅस थेट तोंडावर येतात.

तात्पुरती सोय: कॉम्प्रेसरची लाइन डीबीत सोडवून वेगळी केली, बॅकअप हीटर स्वतंत्र टायमरवर टाकला. हीटर टाकीच्या मध्यावर असल्याने वरचे १५० लिटरच तापतात. २० ते ५० अंशांसाठी साधारण ५.२ युनिट आणि २ तास ४० मिनिटं लागतील. गच्चीवरच्या डीबीवर आणि खाली मीटरपाशी व्होल्टेज लॉगर लावून ठेवले.

१७ डिसेंबर

आज फक्त पाण्याची बाजू.

फिरता पंप वेगळ्या वायरने चालवून परतीचं पाणी बादलीत धरलं. १० लिटरला २ मिनिटं ३५ सेकंद, म्हणजे मिनिटाला ३.९ लिटर. हवं किती? ३.५ किलोवॉट उष्णता ५ अंशांच्या फरकाने वाहून न्यायची तर मिनिटाला १० लिटर. वाय-स्ट्रेनर (लाइनमधली कचरा अडवणारी गाळणी) उघडला: जाळी बारीक वाळूने आणि पांढऱ्या पापुद्र्यांनी बुजलेली. धुऊन बसवल्यावर ५.८ लिटर. उरलेला अडथळा एक्स्चेंजरच्या नळीत आहे.

फ्लो स्विच (पाणी वाहतंय का ते पाहणारा स्विच) काढला तेव्हा खरं दुखणं हाती आलं. पॅडलच्या खिळीवर क्षार धरून ते "वाहतंय" याच स्थितीत अडकलेलं. पाणी पूर्ण बंद केलं तरी कंट्रोलरला सगळं ठीक दिसणार. म्हणजे कमी प्रवाहापासून मशीनचं रक्षण करणारा एकमेव पहारेकरी कधीपासून निकामी होता, आणि कुठल्याही सर्व्हिसमध्ये तो तपासला गेला नव्हता.

पाण्याची तपासणी, टायट्रेशन किटने (थेंबाथेंबाने रसायन घालून मोजायच्या): एकूण काठिण्य ४८० मिलिग्रॅम प्रति लिटर, टीडीएस (विरघळलेले एकूण पदार्थ) ८५०. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात काठिण्याची स्वीकार्य मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. माणसाने प्यायला हे पाणी चालून जाईल, ६० अंशांवर तापणाऱ्या नळीला नाही. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. मीठ-साखरेच्या उलट, हा क्षार पाणी गरम असताना कमी विरघळतो. म्हणून थर धरतो तो नेमका सगळ्यात गरम भिंतीवर, म्हणजे एक्स्चेंजरमध्ये कॉम्प्रेसरचा गरम गॅस जिथून शिरतो त्या वेढ्यांत.

या थरातून उष्णता तांब्याच्या शेकडो पटींनी सावकाश जाते. या आकाराच्या एक्स्चेंजरमध्ये १ मिलिमीटर थर म्हणजे कंडेन्सिंग तापमानात (गॅस ज्या तापमानाला द्रव होतो त्यात) ५ ते १० अंशांची वाढ. निरोगी स्थितीत पाणी ५५ अंशांवर बाहेर पडताना गॅस ६० वर द्रव व्हायला हवा, आर-१३४एचा दाब तेव्हा २२९ पीएसआय असतो. तो ७१ अंशांवर गेला की दाब ३००. वर प्रवाह निम्म्याहून कमी झालेला. दाब आणखी चढतो, हाय प्रेशर स्विच तोडतो, दाब उतरताच तोच स्विच आपोआप जोडतो, आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू. प्रत्येक सुरुवातीला चालू करंटच्या पाचेक पट करंट वाइंडिंगमधून जातो, दोन सुरुवातींमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही, तेल करपतं, वाइंडिंगचा वार्निश जातो.

कंट्रोलरवर ६० अंशांची सेटिंग होती. अंघोळीला ४० ते ४२ लागतं.

१८ डिसेंबर

लॉगरचे आकडे: सकाळी ६.४० ला, बॅकअप हीटर चालू असताना, मीटरपाशी २०३ आणि गच्चीवर १९८ व्होल्ट. नेमप्लेटवर २३० च्या १० टक्के वर-खाली, म्हणजे २०७ ते २५३.

मीटरपासून गच्चीपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची केबल, लांबी ३२ मीटर. या केबलमध्ये दर अँपिअर दर मीटर साधारण १८ मिलिव्होल्ट पडतात. हीटरचे ८.७ अँपिअर म्हणजे ५ व्होल्ट, लॉगरशी जुळतं. त्यावर कॉम्प्रेसर सुरू होतानाचे २५ अँपिअर आले की आणखी १४ व्होल्ट. म्हणजे कॉम्प्रेसर १८४ व्होल्टवर, ३५ ऐवजी २४ मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरने, चढ्या दाबाविरुद्ध उठायचा प्रयत्न करत होता. तिन्ही गोष्टी एकाच वेळी.

ठरलं ते असं: कॉम्प्रेसरसाठी स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर केबल, जुनी केबल फक्त हीटरला. सुरुवातीची घट त्यामुळे ९ व्होल्टच्या आत येईल. खांबावरचं व्होल्टेज आपल्या हातात नाही, म्हणून व्होल्टेज रिले: १९५ च्या खाली किंवा २५५ च्या वर गेलं की तोडणार, सुधारल्यावर ५ मिनिटं थांबूनच जोडणार. ही ५ मिनिटं वीज क्षणभर जाऊन येते तेव्हाही कामी येतात. दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायच्या आत रोटरी कॉम्प्रेसर उठवायला गेलं की तो जागेवर अडकतो.

१९ डिसेंबर: एक्स्चेंजरचं डिस्केलिंग

गॅसच्या कामाआधी हे केलं, कारण एक्स्चेंजरची नळी आतून सडली असेल तर नवा कॉम्प्रेसर आणून उपयोग नाही. पाणी गॅसच्या सर्किटमध्ये शिरलं की सगळं यंत्र भंगारात जातं.

दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद, युनियन सोडले, टाकी वेगळी. २५ लिटरची प्लॅस्टिकची बादली, ॲसिड चालणारा छोटा पंप, दोन होज. प्रवाह नेहमीच्या उलट दिशेने, म्हणजे सुटलेले पापुद्रे अरुंद टोकाकडे ढकलले जात नाहीत.

ॲसिड कोणतं, यावर थोडं सविस्तर. हायड्रोक्लोरिक ॲसिड स्वस्त आणि झपाट्याचं असलं तरी त्यातला क्लोराइड स्टेनलेस स्टीलला सूक्ष्म भोकं पाडतो, ते बाद. लिंबूसत्त्व सौम्य आणि सहज मिळणारं, पातळ थराला उत्तम. पण थर जाड असला की कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ तयार होतो आणि गरम द्रावणात तो जास्तच बसतो. जाड थराला सल्फॅमिक ॲसिड बरं, त्याचा कॅल्शियम क्षार पाण्यात सहज विरघळतो. अट दोनच: तांब्याला जपणारा इनहिबिटर मिसळलेलं घ्यायचं, आणि द्रावण ५० अंशांच्या वर न्यायचं नाही. फार तापलं तर ॲसिडचं विघटन होऊन सल्फेट तयार होतं आणि कॅल्शियम सल्फेटचा नवा, न निघणारा थर बसू शकतो. ब्लीचिंगच्या कुठल्याही द्रावणाजवळ हे न्यायचं नाही, विषारी वायू निघतो. चष्मा, रबरी हातमोजे, उघडी गच्ची.

२० लिटर पाणी ४० अंशांवर, १ किलो सल्फॅमिक ॲसिड, म्हणजे ५ टक्के. पीएच सुरुवातीला १ च्या खाली. लगेच फेस, परतीचं पाणी दुधाळ. अर्ध्या तासात पीएच ४ च्या वर गेला: ॲसिड संपलं. ते टाकून दुसरी खेप, पुन्हा १ किलो. तासाभराने फेस थांबला आणि पीएच २ वर स्थिर राहिला. पीएच स्थिर राहणं हीच थांबायची खूण. घड्याळ लावून डिस्केलिंग करणं चुकीचं, थर राहिला तर अपुरं होतं आणि संपला तर ॲसिड धातूवर चालतं.

१ किलो सल्फॅमिक ॲसिड जास्तीत जास्त ०.५ किलो कॅल्शियम कार्बोनेट खातं. दोन खेपांत मिळून पाऊण किलोच्या आसपास क्षार निघाला असावा.

शेवटी २० लिटर पाण्यात २०० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून फिरवलं, मग साध्या पाण्याने पीएच नळाइतका होईपर्यंत. टाकून द्यायच्या द्रावणातही सोडा घालून पीएच ७ च्या जवळ आणला, मगच ते ड्रेनेजमध्ये. झाडांच्या आळ्यात नाही.

एक्स्चेंजर पाण्याच्या बाजूने ६ बारवर तासभर दाबून ठेवला, काटा हलला नाही. प्रवाह: १० लिटरला ५८ सेकंद.

नवा फ्लो स्विच बसवला. व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत कुठे तोडतो ते पाहिलं: ६ लिटरला. बरोबर.

२० डिसेंबर: गॅस बाजू

रिकव्हरी मशीनने गॅस काढून वजन केलं: १.१३ किलो. नेमप्लेटवर १.२०. पूर्ण गॅस कधीच निघत नाही, थोडा तेलात विरघळलेला राहतो, म्हणजे गळती नव्हती. "गॅस कमी झालाय, भरून टाकू" हे अशा तक्रारीवरचं सर्रास मिळणारं उत्तर इथे चुकीचं ठरलं असतं. दाब आधीच चढलेल्या सिस्टिममध्ये वरून गॅस मारला तर दाब आणखी चढतो.

हा गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये, "जळालेला" अशी खूण करून, ८० टक्क्यांच्या आतच भरला. हवेत सोडायचा नाही. आर-१३४एचा एक किलो हा साधारण १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वातावरणात धरून ठेवतो.

जुना कॉम्प्रेसर टॉर्चने न सोडवता ट्यूब कटरने कापून काढला. आत तेल असतं, ते पेटतं. तेलाचा नमुना काळपट, आंबूस वास, ॲसिड किटचा रंग बदलला. म्हणजे नुसता कॉम्प्रेसर बदलून भागणार नाही. हे ॲसिड नळ्यांत राहिलं तर नव्या वाइंडिंगचं वार्निश खातं आणि तोही काही महिन्यांत जळतो. "नवीन टाकला तरी टिकला नाही" अशा अनेक प्रकरणांमागे राहून गेलेलं ॲसिड असतं.

एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (द्रव गॅसचा दाब उतरवणारा) काढला, त्याच्या तोंडाची जाळी काजळीने भरलेली. व्हॉल्व्ह नवीन. दोन्ही कॉइल आणि नळ्यांतून कोरडा नायट्रोजन १०० पीएसआयच्या झटक्यांनी, आलटून पालटून दोन्ही दिशांनी, पांढऱ्या फडक्यावर डाग उमटेनासा होईपर्यंत.

नवा कॉम्प्रेसर त्याच मॉडेलचा. रबरी बुचं जोडणीच्या क्षणापर्यंत काढली नाहीत: आतलं पीओई तेल हवेतलं बाष्प ओढून घेतं, १५ मिनिटांपेक्षा जास्त उघडं ठेवू नये. स्टबला लोहचुंबक लावला, चिकटला. म्हणजे वर तांब्याचा मुलामा, आत स्टील. तांबं-तांबं जोडाला फॉस्फरसवाली कांडी चालते, स्टीलवर ती ठिसूळ जोड देते आणि कंपनाने जोड तडकतो. इथे ४५ टक्के चांदीची कांडी आणि फ्लक्स. ब्रेझिंग चालू असताना नळीतून नायट्रोजनचा मंद प्रवाह, नाहीतर आत काळे पापुद्रे धरतात आणि ते थेट नव्या व्हॉल्व्हच्या जाळीत जातात.

लिक्विड लाइनला (द्रव गॅसच्या नळीला) नवा फिल्टर ड्रायर. सक्शन लाइनला (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या नळीला), ॲक्युम्युलेटरच्या (द्रव अडवणाऱ्या डब्याच्या) आधी, ॲसिड शोषणारा बर्नआउट ड्रायर, त्याच्या दोन्ही बाजूंना दाब मोजायचे पॉइंट.

संध्याकाळी ५ वाजता नायट्रोजन २५० पीएसआय, नेमप्लेटवरच्या दोन्ही मर्यादांच्या आत. हवा २८ अंश.

२१ डिसेंबर

सकाळी ७ वाजता काटा २३७ वर, हवा १३ अंश. १३ पीएसआय उतरलेले पाहून घाबरायचं कारण नाही, १५ अंशांच्या फरकाने बंद नायट्रोजनचा दाब हिशोबाने तेवढाच उतरतो. दुपारी २८ अंशांना काटा परत २५० वर. साबणाच्या फेसाने सगळे जोड पाहिले, कोरडे.

व्हॅक्यूम दोन टप्प्यांच्या पंपाने, व्हॉल्व्ह कोअर काढून, जाड होजने. जळालेल्या सिस्टिममध्ये तिहेरी: २,००० मायक्रॉनपर्यंत (आत उरलेल्या दाबाचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) ओढून आत नायट्रोजन सोडला, पुन्हा तसंच, तिसऱ्यांदा ४५० मायक्रॉन. पंप अलग करून १५ मिनिटांनी ६२०, तिथेच स्थिर. सतत चढत राहिलं असतं तर गळती. चढून १,५०० च्या पुढे थांबलं असतं तर ओल. "अर्धा तास पंप चालवला" हे व्हॅक्यूमचं माप नाही, मायक्रॉन गेज हवाच.

गॅस वजनाने १.२० किलो. कॅपॅसिटर ३५ मायक्रोफॅरड ४४० व्होल्ट, कॉन्टॅक्टर २५ अँपिअर, दोन्ही नवे. आपोआप जोडणाऱ्या हाय प्रेशर स्विचच्या जागी हाताने रीसेट करायचा, ३२० पीएसआयला तोडणारा स्विच. पाणी तापलं नाही म्हणून कुणीतरी गच्चीवर येऊन बघेल, आणि तेच हवंय.

चालवून घेतलेले आकडे, हवा २४ अंश, व्होल्टेज २२६, पाणी बाहेर ५५: हाय साइड (कॉम्प्रेसरनंतरचा दाब) २२९ पीएसआय, लो साइड (कॉम्प्रेसरआधीचा) ४५, म्हणजे गॅस १० अंशांवर उकळतोय, सक्शन लाइन १६ अंश, म्हणजे सुपरहीट (उकळून झाल्यावर गॅस आणखी किती तापला ते) ६. करंट ४.९. पाण्याच्या तापमानात फरक ४.९ अंश, प्रवाह १०.३ लिटर. उष्णता ३.५ किलोवॉट, वीज १.०५. हे सगळे आकडे मार्करने मशीनच्या झाकणाच्या आत लिहिले. पुढच्या वर्षी कोण माणूस येईल सांगता येत नाही, आकडे तिथेच असतील.

सेटिंग ६० वरून ५२. आठवड्यातून एका रात्री बॅकअप हीटरने टाकीचा वरचा अर्धा भाग ६० वर (खालचा भाग त्याने तापत नाही), लिजिओनेला जिवाणूंच्या बंदोबस्तासाठी.

२८ डिसेंबर

बर्नआउट ड्रायरच्या दोन टोकांत दाबाचा फरक ४ पीएसआय, ३ च्या वर गेला म्हणजे त्याने काम केलं. तेलाची ॲसिड चाचणी आता स्वच्छ. हा ड्रायर कायम ठेवायचा नसतो, सक्शनमध्ये अडथळा होतो. काढून साधी नळी जोडली, लिक्विड लाइनचा ड्रायरही बदलला, पुन्हा व्हॅक्यूम आणि वजनाने गॅस.

टाकीचा मॅग्नेशियम ॲनोड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी): उरलीय फक्त मधली तार. म्हणजे आतल्या लेपाला जिथे जिथे तडा असेल तिथे टाकीच गंजायला लागलेली. नवा ॲनोड बसवला. तळाच्या तोटीतून वाळू आणि क्षार निघाले. टी-पी व्हॉल्व्ह (तापमान किंवा दाब वाढला की सुटणारा) उचलून पाहिला, सुटतो आणि नीट बसतो.

१२ जानेवारी २०२५: सॉफ्टनर

फक्त गरम पाण्याच्या लाइनवर, सगळ्या घराला नाही. रेझिन (काठिण्य धरून ठेवणारे दाणे) २५ लिटर. दर लिटरला ५० ग्रॅम काठिण्य धरलं तर १,२५० ग्रॅम, ४८० काठिण्याच्या पाण्याला २,६०० लिटर. राखीव सोडून २,२०० लिटरला रीजनरेशन (मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजं करणं) लावलं, दर खेपेला ३ किलो मीठ. बायपास व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवून बाहेर येणारं काठिण्य ९० च्या आसपास आणलं. शून्यावर नेण्यात फायदा नाही, ॲनोड लवकर झिजतो आणि अंगाचा साबण निघत नाही.

पाइपवर चुंबक किंवा तारेचे वेढे लावून "क्षार मरतो" असं सांगणारी उपकरणं इथे सुचवली गेली होती. त्यांच्या आधी आणि नंतर टायट्रेशनचा आकडा तोच येतो. कॉम्प्रेसर त्यांच्या भरवशावर ठेवणं पटत नाही.

९ मार्च

बाहेरची कॉइल धुळीने अर्धी झाकलेली. शेजारी बांधकाम चालू आहे. आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुतली. प्रेशर वॉशरने कॉइलचे पातळ पत्रे आडवे पडतात. यंत्रावर सावलीसाठी नंतर घातलेली पत्र्याची शेड पंख्याची थंड हवा परत कॉइलवर फिरवत होती, ती समोरून ६०० मिलिमीटर मोकळी करून घेतली. सक्शनचा दाब ३६ वरून ४४ पीएसआयवर आला.

१ जून

पावसाळ्यापूर्वी. कंट्रोल बॉक्सच्या केबलच्या भोकांना ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच), खालच्या फटींना बारीक जाळी. पावसाळ्यात पाली उबेला आत येतात आणि बोर्डावर दोन ट्रॅकमध्ये सापडल्या की बोर्ड जातो. मुंग्या कॉन्टॅक्टर धरतात. निथळाच्या पाण्याचा पाइप साफ. अर्थिंगचा जोड घासून पुन्हा आवळला. (हेच यंत्र कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्याजवळ असतं तर कॉइल महिन्याला साध्या पाण्याने धुवायला सांगितली असती, खारट हवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचं पीठ करते.)

घरच्यांसाठी डीबीवर अँपिअर मीटर आणि पाण्याच्या दोन्ही पाइपांवर डिजिटल थर्मामीटर लावले. दर वेळी गेज जोडलं की थोडा गॅस जातो आणि व्हॉल्व्ह गळायचा धोका राहतो. महिन्यातून एकदा, मशीन अर्धा तास चालल्यावर, तीन आकडे वहीत लिहायचे. पाण्याचा फरक ६.५ च्या वर गेला: स्ट्रेनर धुवा. एरवीच्याच हवेत, बाहेरचं पाणी ५२ असताना करंट मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा १० टक्के जास्त: मशीन बंद ठेवून फोन करा. फरक ३ अंशांच्या खाली: कॉइल झाकली गेलीय किंवा गॅस कमी आहे.

६ डिसेंबर

वार्षिक तपासणी. प्रवाह १० लिटरला ६० सेकंद. पाणी बाहेर ५२ असताना हाय साइड २१५ पीएसआय. स्वच्छ एक्स्चेंजरला २१२ अपेक्षित, २२९ झाले तर ॲसिडने डिस्केलिंग. यंदा गरज नाही. कॅपॅसिटर ३४.३, ३३ च्या खाली गेला की बदलायचा. व्हॉल्व्ह बंद करून फ्लो स्विच पडतो का ते पाहिलं, पडला. कंट्रोलरच्या इतिहासात उच्च दाबाची एकही नोंद नाही. व्होल्टेज रिले मात्र हिवाळ्यातल्या पहाटे अनेकदा सुटलेला दिसतो. म्हणून कॉम्प्रेसरचा टायमर दुपारी १२ ते ४ वर नेला. तेव्हा व्होल्टेज २२० च्या वर असतं, आणि हवा दहा-पंधरा अंशांनी गरम असल्याने तेवढ्याच पाण्याला वीजही कमी लागते. टाकीचं इन्सुलेशन चांगलं आहे, सकाळपर्यंत २ ते ३ अंशच उतरतात.

ॲनोड निम्मा झिजलाय. नवा मागवून ठेवला, मेमध्ये बदलायचा. सॉफ्टनरमागे काठिण्य १४० निघालं. मिठाच्या टाकीत वरचा थर घट्ट बसून खाली पोकळी झाली होती. काठीने फोडला, रीजनरेशन हाताने दिलं, दुसऱ्या दिवशी ८५. मीठ भरताना टाकी निम्म्याहून जास्त भरू नये, असं डीबीवरच्या कागदावर वाढवलं.